खुब्याची अधिकृत जागा

माणसाला शरीर जन्मतःच मिळते. ते बरोबर आहे की नाही, हे मात्र पुढे सक्षम अधिकाऱ्याकडून तपासून घ्यावे लागते. सोलापुरात ही सोय नव्हती. लोक आपापली हाडे घेऊन वर्षानुवर्षे बिनदिक्कत हिंडत होते. 'मानवी हालचाल विश्लेषण केंद्र' स्थापन झाले आणि या गैरप्रकाराला आळा बसला.

केंद्राचे काम समजायला सोपे आहे. संगणकात एक माणूस असतो. त्याला हाडे आहेत, स्नायू आहेत, सांधे आहेत, तक्रार नाही. तो परदेशात तयार झाला, उंची एक मीटर ऐंशी, आणि त्याने जन्मात कधी जमिनीला बूड टेकलेले नाही. केंद्रात त्याला 'साहेब' म्हणतात. समोर जो कोणी येईल त्याच्या अंगावर गोटीएवढे चमकणारे गोळे चिकटवायचे, आठ कॅमेऱ्यांनी त्यांची जागा टिपायची आणि त्या मापाने साहेबाला आखूड, रुंद, बारीक करायचे. साहेब तुमच्या मापाचा झाला की तुमचा गुडघा, खुबा, मणका नेमका कुठे आहे आणि त्यावर किती भार येतो, हे साहेबाला विचारायचे. तुम्हाला विचारायची गरज उरत नाही. (पहिल्या दोन वर्षांत २१४ जणांची मोजणी झाली. २११ शरीरे सदोष निघाली. उरलेल्या तिघांत एक संचालक उदयसिंह सर, एक त्यांचे मेहुणे आणि एक कापडदुकानातून चाचणीसाठी आणलेला पुतळा. पुतळ्याचा निकाल सर्वांत चांगला आला.)

दिपक तिथे सहायक विश्लेषक. कंत्राटी, अकरा महिन्यांचा. गोळे चिकटवणे आणि साहेबाला मापात आणणे हे त्याचे काम, आणि त्यात त्याचा हात धरणारा जिल्ह्यात कोणी नव्हता (दुसरे केंद्रच नव्हते).

एका सोमवारी त्याच्यासमोर गोजरबाई आल्या. वय अठ्ठावन्न, माहेर वैराग, आणि तीस वर्षे एकच काम: महिला मंडळाच्या कडक भाकरी विभागात मांडी घालून ज्वारीच्या भाकरी थापायच्या. रोज दीडशे. डावा खुबा आता साथ देत नव्हता. त्यांना उभ्याने थापायला ओटा हवा होता. विटांचा, कमरेएवढा, एक. मंडळाच्या प्रमुख शिवलीलाताई ओटा बांधायला एका पायावर तयार होत्या, पण मंडळाला पैसे देणाऱ्या सरकारी योजनेच्या नियमानुसार ओट्याला विश्लेषण केंद्राचा दाखला लागत होता. दाखला मिळाला तर ओटा. नाही मिळाला तर जमीन, आणि जमिनीवर जमेना तर घर.

"मावशी, गोळा कमरेच्या हाडावर लावायचाय. लुगडं जरा..."

"ए लेकरा, तेवढं सोडून बोल की," गोजरबाई म्हणाल्या. "बाईमानूस न्हाई व्हय हितं?"

नव्हते. (महिला विश्लेषकाचे पद मंजूर आहे. ते रिक्त ठेवणेही मंजूर आहे.)

तेव्हा गोळे नऊवारी लुगड्यावरूनच लागले. उजवा ठीक बसला. डावा बसला कनवटीवर, आणि कनवटीत होती तंबाखूची चंची, घराची किल्ली आणि आधार कार्डाची घडी.

"चंची तरी काढून ठेवा, मावशी."

"ती काडली तर लुगडं सुटंल. मग तुजं मशीन काय काय बगंल, सांग बरं."

कॅमेऱ्यांनी चंचीला हाड समजून अत्यंत प्रामाणिकपणे टिपले. कमरेच्या रुंदीवरून खुब्याची जागा काढायचे सूत्र आहे. त्यानुसार गोजरबाईंचा डावा खुबा त्यांच्या शरीराबाहेर, चार बोटांवर निघाला.

दिपक उदयसिंह सरांकडे गेला. "सर, गोळा चंचीवर बसलाय."

"साहेबाशी फरक किती येतोय?"

"सहा सेंटिमीटर."

"नियम?"

"दोनच्या आत."

"मग आण की दोनच्या आत."

हे शास्त्र इथेच फार सुंदर होते. गोळे साहेबाच्या अंगावरही असतात. माणसाचा गोळा साहेबाच्या गोळ्याशी जुळत नसेल तर माणसाचा काढून पुन्हा लावावा. ते गैरसोयीचे असेल तर साहेबाचा सरकवावा. सरकवला की फरक आपोआप मिटतो. दिपकने गोळा सरकवला, सांधा बाहेर ओढला, मांडीचे हाड तिरके केले. फरक एक पूर्णांक नऊ. सरांनी पाठ थोपटली, चहा आला. पडद्यावर गोजरबाई म्हणून जे उभे होते ते पाहून त्यांच्या आईने हंबरडा फोडला असता. पण आकडा हिरवा होता.

मग साहेबाला मांडी घालायला लावले. मांडीचे हाड कमरेच्या हाडातून आरपार गेले, दोन स्नायू पाठीतून बाहेर आले आणि प्रोग्राम थांबला. निष्कर्षाच्या रकान्यात छापून आले: 'सदर व्यक्ती मांडी घालून बसू शकत नाही.'

दिपकला मनापासून आनंद झाला. आडवाटेने का होईना, बाई म्हणत होत्या तेच संगणकही म्हणाला होता. ओटा झालाच म्हणून समजा.

सरांनी अहवाल शांतपणे वाचला. "या मांडी घालून बसू शकत नाहीत."

"हो, सर."

"म्हणजे बसत नसणार."

"सर..."

"म्हणजे खुबा दुखतो तो मांडी घालून बसल्यामुळे नव्हे. मग ओटा कशाला?"

दिपकने दाराकडे हात केला. बाहेर व्हरांड्यात, बाक रिकामा असताना, गोजरबाई सवयीने फरशीवर मांडी घालून बसल्या होत्या. सरांनी त्यांच्याकडे पाहिले, अहवालाकडे पाहिले आणि अहवालावर विश्वास ठेवला. (ग्राह्य पुरावे, उतरत्या क्रमाने: एक, अहवाल, दोन, अहवालाची छायाप्रत, तीन, छायाप्रतीवरचा शिक्का. व्यक्ती या यादीत नाही.)

"मावशी, जरा उठून दाखवता?" दिपकने विचारले.

गोजरबाई उठल्या. भिंतीला धरून, तोंड घट्ट मिटून, एकदा मध्येच थांबून. दीड मिनिट लागले. तेवढ्यात सरांना फोन आला आणि ते पाठमोरे झाले.

दिपकने दोन दिवस अहवालावर सही केली नाही. तिसऱ्या दिवशी त्याच्या कंत्राटाचे नूतनीकरण होते. तिसऱ्या दिवशी केली. त्याला स्वतःची लाज वाटली. पण लाजेसाठी अहवालात रकाना नाही.

अहवाल घेऊन तो स्वतःच मंडळात गेला. शिवलीलाताईंनी तो दोनदा वाचला आणि गवंड्याला फोन करून येऊ नको म्हणून सांगितले.

"काय म्हनतंय तुजं मशीन?" गोजरबाईंनी पिठाचे हात झटकत विचारले.

"तुमचा डावा खुबा अंगाच्या बाहेर आहे म्हणतंय, मावशी."

"भाईर हाय व्हय?" त्यांनी हात डाव्या खुब्यावर ठेवला. "मग आत दुकतंय ते कुनाचं?"

दिपकने घड्याळ पाहिले. त्याला परत जायचे होते. दुपारी चौघांची मोजणी होती.

त्यानंतर गोजरबाई डाव्या अंगाचा भार चुकवत, उजवीकडे कलून थापू लागल्या. भाकरीची एक कड जाड राहू लागली, आणि जाड कड कडक होत नाही. मंडळाच्या तक्रारवहीत चार महिन्यांत खुब्याबद्दल एकही तक्रार नाही. कडेबद्दल पाकिटे मागवणाऱ्या गिऱ्हाइकांच्या सतरा आहेत: पुण्याहून नऊ, मुंबईहून सात आणि एक तुमची. नाही म्हणू नका, फोटो जोडलेला आहे. भाकरीच्या कडेला पट्टी लावून तुम्ही मिलिमीटर दाखवलेत. दिपकने तो पाहिला. मोजमापात एकही चूक नाही, म्हणाला.

तुमच्या तक्रारीला दाखला लागला नाही, गोळे लागले नाहीत, कॅमेरेही लागले नाहीत. दोन दिवसांत कार्यवाही झाली: गोजरबाईंना कामावर येऊ नका म्हणून सांगण्यात आले. त्यांच्या जागी एकवीस वर्षांची मुलगी बसते. अजून तिचे काही दुखत नाही. परवा तुमच्याकडे आलेले पाकीट तिच्या हातचे आहे. कड बरोबर आहे ना, तेवढे बघून कळवा.