चषकातली गोळी

सकाळी सव्वासात वाजता ताईने धाकट्या भावाची गोळी गिळली.

गोळ्यांची पट्टी बाहेरच्या खोलीत, फडताळावरच्या चषकात असायची. चषक ताईचाच. 'परीक्षेसाठी लक्ष वाढवणाऱ्या गोळ्या घ्याव्यात का?' या वादविवादात तिने विरोधी बाजू अशी काही मांडली होती की परीक्षकांचे चहा गार झाले! "उसनं लक्ष म्हणजे उसनी अक्कल!" या वाक्यावर तर टाळ्या थांबेनात. एवढा मोठा चषक रिकामा कशाला ठेवायचा, म्हणून आई त्यात भावाचं औषध ठेवू लागली.

भावाला घरात भोवरा म्हणत. एक बूट घालून दुसरा शोधायला निघायचा आणि वाटेत इस्त्री उघडून बसायचा. डॉक्टरांनी लिहून दिलेली ती गोळी घेतली की मात्र दोन्ही बूट एकाच दिवशी पायात!

ताईने अर्थशास्त्राचं पुस्तक अजून नव्यासारखं जपलं होतं. पेपर दहाला. "एकदाच तर घेतेय," पट्टीकडे न बघताच तिने चषकाला समजावलं. "आणि पट्टीत अजून असतीलच की."

नव्हत्या. ती शेवटची होती.

"आई, माझी गोळी?" भोवरा आला. त्याला आज घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात काम करून दाखवायला बोलावलं होतं. शिकाऊ म्हणून घ्यायचं की नाही, ते आज ठरणार होतं. आठवडाभर तो त्याचीच तयारी करत होता.

"चषकात बघ."

"पट्टी रिकामी आहे."

"मग घेतली असशील."

"नाही गं!"

"काल कंगवा केसात खोचून घरभर कंगवा शोधत होतास, राजा. घेतलीस आणि विसरलास!"

भोवऱ्याने ताईकडे पाहिलं. "ताई, तू पाहिलंस मला घेताना?"

वादविवादात घंटा वाजली तरी न थांबणाऱ्या ताईने नुसती मान डोलावली.

"बघ!" आई म्हणाली. भोवरा ओशाळून हसला आणि निघाला.

परीक्षेच्या हॉलमध्ये गोळीने आपलं काम चोख केलं. ताईचं लक्ष असं एकवटलं की शेजारचा शिंकला तेही तिला कळलं नाही. फक्त ते एकवटलं पहिल्या प्रश्नातल्या तक्त्यावर. तक्त्याची बेरीज चुकली होती! ताईने ती दुरुस्त केली. मग तक्ता फूटपट्टीने नव्याने आखला. मग तो असा का चुकला असावा यावर लिहायला घेतलं. पुरवणी मागितली. आणखी एक मागितली. पर्यवेक्षिका कौतुकाने म्हणाल्या, "वा! कितवा प्रश्न चाललाय?"

"पहिला," ताई म्हणाली. तेवढ्यात शेवटची घंटा झाली.

ती घरी आली तेव्हा भोवरा भिंतीला टेकून बसला होता.

"पाच घड्याळं उघडली," तो म्हणाला.

"आणि?"

"बंद एकही केलं नाही. एकाचा काटा दुसऱ्यात गेला. मालक म्हणाले, 'अरे, मला हाताखाली माणूस हवाय, वादळ नकोय!' गिऱ्हाईकंसुद्धा हसली."

ताईला हसू आलं नाही. सांगून टाकावं, असं तिच्या ओठांपर्यंत आलं.

"ताई, एक सांगू? आईला नको सांगूस." त्याने आवाज खाली आणला. "गोळी घेऊनही असं झालं. म्हणजे आता गोळीही चालत नाही माझ्यावर. मीच तसा आहे गं."

ओठांपर्यंत आलेलं परत गेलं.

आईने दाराआडून सगळं ऐकलंच होतं. "डॉक्टरांना सांगू, याहून जोराची द्या! आणि ताई, तू चल बरोबर. मला धड सांगता येत नाही, याचं बोलणं तर पाच दिशांना जातं. तुला बक्षीस आहे बोलण्याचं!"

"मी कशाला?"

"ताई आली तर बरं," भोवरा म्हणाला. "तिने मला गोळी घेताना पाहिलंय."

सोमवारी तिघं दवाखान्यात पोचली. आईने दुकानातला प्रकार सांगितला. डॉक्टरांनी वजन केलं, नाडी पाहिली, कपाळाला आठी घातली.

"या वयात एकदम जोर वाढवायचा म्हणजे मला जरा विचार करावा लागेल," ते म्हणाले. "त्या दिवशी गोळी नक्की घेतली होती?"

"घेतली होती," भोवरा म्हणाला. "म्हणजे मला आठवत नाही. पण ताईला विचारा."

आई ताईकडे वळली. भोवराही वळला, अगदी विश्वासाने. डॉक्टरांनी चिठ्ठी पुढे ओढून पेनाचं टोपण काढलं आहे. ताईने दोनदा घसा साफ केला आहे. पहिलं वाक्य अजून आलेलं नाही.