मीटिंग चालू आहे

दत्तप्रसाद संतापला होता आणि त्याचा संताप रास्त होता. तीन वर्षं तो गोव्यातल्या सर्वण गावच्या घरातून, जेवणाच्या टेबलावर बसून, पुण्याच्या कंपनीचं काम इमानेइतबारे करत होता. शेजारी त्याची बायको हर्षा तिसऱ्यांचे शिंपले फोडत असे, तरी त्याने कधी तक्रार केली नव्हती. आणि आता कंपनीला अचानक साक्षात्कार झाला होता. स्वतंत्र खोली, बंद होणारं दार आणि धड खुर्ची असेल तरच घरून काम, नाहीतर मुकाट्याने पुण्याला परत या. सोमवारी कंपनीच्या मॅडम व्हिडिओवर खोली तपासणार होत्या.

त्याने बलकांवालगतची, म्हणजे पुढच्या ओसरीलगतची, खोली रिकामी केली. सुताराकडून कोपराच्या उंचीचं टेबल करून घेतलं, उजेड बाजूने यावा म्हणून ते तीनदा फिरवलं, डिचोलीहून कमरेला आधार देणारी खुर्ची आणली. एवढं करूनही माणसाला सुख मिळू नये, याला काय म्हणायचं? जो येईल तो थेट दार ढकलून आत. शेवटी त्याने हर्षाला बजावलं, की कोणीही आलं तरी एकच सांगायचं, मीटिंग चालू आहे.

हर्षाने ते पाव घेऊन येणाऱ्या पोदेराला सांगितलं, शेजारणीला सांगितलं आणि सदाशिवकाकांनाही सांगितलं. घोटाळा तिथे झाला. काका नऊ वर्षं देवस्थान समितीचे अध्यक्ष. रोज दहा वाजता ते पेपर वाचायला या बलकांवात येत. त्यांच्या लेखी मीटिंग दोनच प्रकारची असते, पंचायतीची किंवा देवळाची. पंचायतीची इथे कशाला होईल? मग समितीची निवडणूक महिन्यावर आलेली असताना रोज बंद दाराआड, अध्यक्षाला वगळून चालते ती कसली?

काकांनी पेपर उघडला आणि कान खिडकीला लावला. आत दत्तप्रसाद कुठल्याशा सॉफ्टवेअरबद्दल बोलत होता.

"जुन्या अ‍ॅडमिनला काढून टाका," तो म्हणाला. "नुसता जागा अडवून बसलाय. त्याचे सगळे हक्क काढून घ्या. कळवायचीही गरज नाही."

काका पेपर अर्धा टाकून उठले. ज्याच्या लग्नात आपण त्याच्या सुखासाठी देवाला गाऱ्हाणं घातलं, त्याने असं बोलावं, हे त्यांच्या जिव्हारी लागलं.

सोमवारी मॅडम स्क्रीनवर आल्या. दार, खुर्ची, उजेड पाहून त्या मान डोलावत होत्या, तेवढ्यात तेच दार उघडलं आणि काका समितीचे चार सभासद व ठरावांचं जाडजूड बुक घेऊन आत आले.

"अध्यक्ष अजून जितो आसा रे दत्तू," काका म्हणाले. "माका भायर दवरून मिटींग घेतस?"

दत्तप्रसादने हात जोडले, ही कंपनीची मीटिंग आहे, म्हणून परोपरीने सांगितलं. काकांनी त्याला बाजूला सारलं आणि खुर्चीत बसून थेट मॅडमनाच जाब विचारला.

"बाई, नोटीस काडलेली? अजेंडा खंय आसा? कोरम जाल्लो?"

मॅडमनी समोरचे कागद चाळले. इतक्या वर्षांत त्यांच्या मीटिंगांत हे प्रश्न कोणी विचारले नव्हते. दत्तप्रसादच्या डोळ्यांपुढे पुण्याची भाड्याची खोली उभी राहिली.

"खोली पसंत आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "सहा माणसं ऐसपैस मावतात." आणि त्यांनी घाईघाईने कॉल बंद केला.

दत्तप्रसादचा जीव भांड्यात पडला, पण तो तिथे फार वेळ राहिला नाही. अ‍ॅडमिन हा माणूस नव्हे, हे काकांना एकदाचं पटलं खरं. पण खोली त्यांनाही पसंत पडली होती. नऊ वर्षांच्या अध्यक्षपदात कमरेला असा आधार त्यांना मिळाला नव्हता. त्यांनी लगेच ठराव मांडला, की निवडणूक होईपर्यंत समितीचं ऑफिस इथेच असावं. कोरम होता. ठराव एकमताने मंजूर झाला. घरमालकाला विचारायची तरतूद नियमांत नव्हती.

आता दत्तप्रसाद पुन्हा जेवणाच्या टेबलावर बसतो. कॅमेऱ्यात मागे आपल्याच खोलीचा फोटो लावतो, त्यामुळे मॅडम खूश आहेत. काल त्याचा चार्जर आत राहिला. तो तणतणत स्वतःच्या ऑफिसपाशी गेला, तर हर्षा दारातच उभी होती.

"आत वचूं नकात," ती म्हणाली. "मिटींग चालू आसा."