दोनशे दहा पानांची सहाशे चाळीस

बन्सीलाल रोज सकाळी दाढी करताना आरशातल्या माणसाची नोंद घेई: वय साठ, नजर घारीची, शुद्धलेखन पक्कं, बुद्धी असामान्य. अख्ख्या शहाद्यात असा दुसरा नाही, हा त्याचा निष्कर्ष आरशानं कधी खोडला नव्हता. पोटासाठी तो हुकमीचंद शेठच्या छापखान्यात प्रूफं वाचायचा आणि ही नोंद तिथंही सगळ्यांना ऐकवायचा. उरलेल्या वेळात गुप्तहेर.

त्याच्या नावावर एक यशस्वी प्रकरण होतं. गेल्या वर्षी धाकट्या पुतणीच्या लग्नात, ऐन हळदीच्या वेळी बेपत्ता झाला घरातला थोरला

जावई. नाव योगेंद्र. बन्सीलालनं त्याला तीन तासांत सारंगखेड्याच्या पुलावरून शोधून आणलं. "मी पुलावर बसलोय" असा योगेंद्रचाच फोन आला होता, हे मात्र तो तपासाच्या गोपनीयतेपोटी कुणाला सांगत नसे.

दुसरं प्रकरण गुरुवारी सकाळी चालून आलं. समाजाचा परिचयग्रंथ, घराघराची माहिती, दोनशे दहा पानं. मयूरीनं कॉम्प्युटरवरून नमुना प्रत काढायला घेतली आणि प्रिंटर थांबेना. पानं निघाली सहाशे चाळीस. बहुतेक पानं अर्ध्याहून जास्त कोरी.

"कागद दोनशे दहा पानांचा कापून ठेवलाय," शेठ म्हणाले. "रविवारी ब्राह्मणपुरीला प्रकाशन. मयूरी, पाचपर्यंत जमलं तर ठीक. नाहीतर काम सुरतेला आणि तू घरी."

मयूरी तीन वर्षांपासून तिथली ऑपरेटर. तिच्या पगारावर घरात भावाची फी आणि आईची औषधं चालत. बन्सीलालनं चष्मा पुसला.

"घाबरू नकोस. प्रकरण माझ्या हातात आहे."

"म्हणूनच घाबरले, अण्णा."

"सगळं पहिल्यापासून सांग."

"हा मजकूर एक्सएमएलमध्ये आहे. म्हणजे प्रत्येक गोष्टीला चिठ्ठी लावलेली. हे नाव, हे गाव, हा

जावई. चिठ्ठी बघून मशीन आपोआप पान लावतं. मधेच मशीनला हुकूमही लिहिता येतो. इथे अक्षर मोठं कर, इथे जागा सोड. छापल्यावर हुकूम दिसत नाही. पण मांडणीची फाइल मी दोनदा तपासली, अण्णा. तिच्यात काही नाही."

"हुकूम सोड. हुकूम देणारा माणूस शोधायचा असतो," बन्सीलाल म्हणाला, आणि इथे तो दिवसभरात पहिल्यांदा आणि शेवटचं बरोबर होता.

अकरा वाजता त्यानं पहिला संशयित जाहीर केला. "शेठ, पानं वाढली तर फायदा कुणाचा? कागदवाल्याचा. तो दोंडाईच्याचा रिषभ. चेहराच सांगतो."

"बन्सीभाऊ," शेठ शांतपणे म्हणाले, "रिषभ माझा

जावई आहे."

तो तपास तिथंच संपला.

दुपारी दुसरा सिद्धांत निघाला: कोरी जागा ही सांकेतिक भाषा आहे. बन्सीलालनं पहिल्या दहा पानांवरच्या रिकाम्या ओळी पट्टीनं मोजल्या, दहा आकडे काढले आणि त्या नंबरला फोन लावला.

"बोल, धडगाव जायचं का?" पलीकडून जीपवाला जालमसिंग म्हणाला. "दोन सीट खाली हाय."

"टोळी धडगावपर्यंत पसरली आहे," बन्सीलालनं वहीत लिहिलं.

पावणेपाच झाले. मयूरी ड्रॉवरमधला डबा, कंगवा पिशवीत भरू लागली. कोपऱ्यात पुस्तकबांधणीचं काम करणारी गजराबाई सकाळपासून ती सहाशे चाळीस पानं ओळीनं लावत बसली होती. तिनं मान वर केली.

"आण्णा, मी सकायपाइन पाने लाई ऱ्हायनू. माले वाचानं काम माथानी ओळपुरतंच. पन हर पानना माथाले

जवाईच शे. दुसरं कोनीच नई."

मयूरीनं पिशवी खाली ठेवली. परिचयग्रंथाचा जावयाचा रकाना तिनं नव्यानं केला नव्हता. गेल्या वर्षीच्या एका लग्नपत्रिकेच्या फाइलमधून उचलला होता. माहिती भरताना पडद्यावर फक्त रिकामे रकाने दिसत, म्हणून आतलं कुणी पाहिलंच नाही. तिनं तो मुळातून उघडला. आत एक ओळ होती:

<?नवे-पान?>

आणि वर शेरा: "बन्सीलाल यांच्या हुकमावरून. कधीही काढू नये."

बन्सीलालला तो पूल आठवला. पत्रिकेत योगेंद्रचं नाव अगदी तळाशी, छापखान्याच्या नावाला खेटून आलं होतं. माझं नाव पायाशी का, म्हणून तो रुसला होता. रुसवा काढायला त्याचं नाव नव्या पानाच्या माथ्यावर घेऊन पत्रिका पुन्हा छापली. तेव्हा बन्सीलालनं मयूरीकडून शिकून, ती जेवायला गेली असताना, दोन बोटांनी हा हुकूम स्वतः टाइप केला होता. त्या रकान्याबरोबर तो आता सहाशेहून जास्त घरांत जाऊन बसला होता.

मयूरी त्याच्याकडे बघत होती. गजराबाईही. घड्याळात पाच वाजले आणि शेठ आत आले.

"कोण सापडलं?"

बन्सीलाल उभा राहिला. "गुन्हेगार मयूरी नाही. लिहून देतो. गुन्हेगाराचं वय साठ. शुद्धलेखन पक्कं." तो जरा अडखळला. "बुद्धी... साधारण."

शेठनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "नजर?"

"घारीची होती, शेठ. चष्मा लागलाय."

"मयूरी, पिशवी ठेव ड्रॉवरमध्ये," शेठ म्हणाले आणि बाहेर गेले.

मयूरीनं एक कळ दाबली. सगळे जावई निमूटपणे आपापल्या सासऱ्याच्या खाली जाऊन बसले. दोनशे दहा पानं.

"मयूरी," बन्सीलाल हळूच म्हणाला, "एक ठेवता येईल का? घरचा प्रश्न आहे."

रविवारी ग्रंथाचं प्रकाशन झालं. पानं दोनशे अकरा. एकशे अडतिसावं पान अर्धं कोरं का, हे समाजात कुणालाच कळलं नाही. जाहिरात राहून गेली असेल, असं सगळ्यांनी धरलं. एकशे एकोणचाळिसाव्या पानाच्या माथ्यावर मात्र, पुलावर बसला होता तसाच ऐटीत, बसलाय बन्सीलालच्या घरचा थोरला

जावई.