उशी ठेवली की जागा झाली

गर्दी सांभाळावी तर ती मीच, हे मी मुलाखतीतच सांगून टाकलं होतं. आमच्या चर्चच्या हॉलमध्ये दर मंगळवारी बिंगो चालतो आणि तिथं एकोणीस वर्षं नंबर पुकारतोय तो मी. मी अक्षर आणि आकडा पुकारला की कागदावर खोडायचा, आणि ओळ पहिली भरेल त्याने "बिंगो" ओरडायचं. दीडशे म्हाताऱ्या, हातात जाड मार्कर, आणि कान माझ्याकडे. ज्याने त्या दीडशे सांभाळल्या त्याला कॅसिनो म्हणजे काय हो!

आमच्या ओहायो राज्यात मतदान होऊन जुगार कायदेशीर झाला आणि आमच्या शहराच्या मधोमध, कपड्यांच्या जुन्या, बंद पडलेल्या दुमजली दुकानात, कॅसिनो उभा राहिला. टायरचा कारखाना बंद पडल्यापासून मी तीन वर्षं घरी होतो. लोरेन, म्हणजे बायको, बोलायची काही नाही, पण व्हॅक्यूम क्लीनर माझ्याच खुर्चीभोवती जरा जास्त फिरवायची. त्यामुळे तळमजल्यावर लक्ष ठेवायची नोकरी लागली तेव्हा, खोटं कशाला सांगू, मला रडूच आलं. वाइन रंगाचं जाकीट मिळालं. लोरेनने त्याला दोनदा इस्त्री केली.

आमचे डंकनसाहेब नेवाडाहून, म्हणजे कॅसिनोंच्या माहेरघरातून, आलेले. म्हणाले, "वॉल्टर, आठवडाभर तुमचं काम बघेन, मग ठरवू. माणसं जुगाराच्या मशीनसमोर बसून बटण दाबत राहिली पाहिजेत, बस्स. पुढचं मशीन बघून घेतं."

"साहेब, आमची माणसं बसण्यात पटाईत आहेत," मी म्हणालो.

उद्घाटनाच्या दिवशी रांगेत पहिल्या कोण? माझ्या सासूबाई. स्टेफानिया, वय ब्याऐंशी, आणि मागे त्यांची अख्खी बिंगोची फौज. आता जावयाने सासूला रांगेत ताटकळत ठेवायचं का? मी बाजूच्या दाराने सगळ्यांना दहा मिनिटं आधी आत घेतलं. इथंच माती खाल्ली.

"आई, कुठंही बसा," मी म्हणालो.

"कुठंही कशी बसेन? माझी जागा नेहमीच उजवीकडून तिसरी." असं म्हणून त्यांनी क्रोशाची उशी काढली, उजवीकडून तिसऱ्या स्टुलावर ठेवली, आणि तिच्यावर आपला नशिबाचा प्लॅस्टिकचा हत्ती बसवला. बाकीच्यांनीही आपापल्या उशा मांडल्या.

"जावईबापू, ते उद्घाटनाचं फुकटचं जेवण कुठंय म्हणालात?"

"वरच्या मजल्यावर."

"दुकान होतं तेव्हा वर कोट मिळायचे," असं म्हणत फौज वर गेली.

आमच्या शहरात खुर्चीवर उशी दिसली की तिथं कोणी बसत नाही. आमच्या बिंगोतल्या कुबियाकबाई वारल्या तरी त्यांची उशी चौदा महिने हॉलमध्ये होती, आणि आम्ही तिच्या कडेकडेनं झाडायचो. दरवाजे उघडले, लोंढा आत आला, उशा बघून थबकला. मग प्रत्येकाला वाटलं, जागा संपत चालल्या! कोणी टोपी ठेवली, कोणी मफलर. एकाने तर बूट काढून ठेवला. पाव तासात आठशेच्या आठशे स्टुलं धरली गेली आणि जागा पक्की झाल्याच्या आनंदात सगळं शहर वर जेवायला गेलं.

खाली आठशे मशीन लुकलुकतायत आणि समोर टीव्हीवाले उभे!

डंकनसाहेब धावत आले. "वॉल्टर, माणसं कुठं आहेत?"

"वर जेवतायत, साहेब."

"मग इथं कोण बसलंय?"

"त्यांच्या उशा."

साहेबांनी थेट हत्तीकडे बोट दाखवलं. "उचला हे."

"साहेब, दुसरं काहीही सांगा. ती उशी सासूबाईंची आहे."

"एक तर ती उशी जाईल, नाहीतर तुम्ही."

मला दोनदा इस्त्री केलेलं जाकीट आठवलं. मी हात पुढे केला. हत्ती माझ्याकडे बघत होता. मी हात मागे घेतला. तेवढ्यात भाषणांसाठी लावलेला माईक दिसला. मी तो ओढला आणि माझ्या मंगळवारच्या आवाजात म्हणालो, "मंडळी, जागेवर बसा. पहिला नंबर पुकारतोय."

जिना असा दणाणला की छताचं झुंबर हललं. दोन मिनिटांत आठशे माणसं जागेवर. काहींच्या हातात अजून कोंबडीची तंगडी होती. साहेबांनी माझी पाठ थोपटली. पण बटण कोणी दाबेना. सगळे माझ्याकडे बघत बसले.

"अहो, पुकारा की," सासूबाई म्हणाल्या. "नुसते उभे काय राहिलात?"

"बी सात," मी म्हणालो.

आठशे बटणं एकदम दाबली गेली.

"आय एकोणीस." पुन्हा आठशे.

"असं नेवाडात कधी पाहिलं नाही," साहेब म्हणाले. त्यांचा चेहरा खुलला होता. माझाही गळा मोकळा झाला. मनातल्या मनात मी पगारवाढसुद्धा घेतली.

अकराव्या नंबरला सासूबाईंचं मशीन वाजलं. पडद्यावर ओळीत तीन चेरी आल्या, म्हणजे बारा डॉलर. त्या उठल्या, आणि चाळीस वर्षांच्या सवयीने खणखणीत आवाजात म्हणाल्या, "बिंगो!"

सगळ्या सभागृहातून एक उसासा निघाला. "मला एकच नंबर हवा होता," कोणीतरी म्हणालं. पर्सा मिटल्या, उशा काखेत गेल्या, बूटवाल्याने बूट घातला. कोणीतरी जिंकलं, म्हणजे खेळ संपला. पाच मिनिटांत कॅसिनो रिकामा झाला.

"हे कुठं चाललेत?" साहेबांचा आवाज चिरकला.

"घरी, साहेब. जिंकलं ना कोणीतरी."

सासूबाईंनी जाताना माझा गालगुच्चा घेतला. "बरं पुकारलंत. जरा संथ." उशी मात्र त्यांनी उचलली नाही. म्हणाल्या, "उद्या यायचंच आहे."

नोकरी गेली, असं मी लोरेनला फोन करून सांगूनही टाकलं. पण गेली नाही. मला कोट ठेवायच्या खोलीत टाकलं. आता आत जाण्याआधी प्रत्येकाने उशी माझ्याकडे जमा करायची, नंबराचा बिल्ला घ्यायचा, आणि निघताना मी नंबर पुकारायचा. म्हणजे पुन्हा तेच.

सगळ्या उशा जमा होतात. एक सोडून. काल एक परगावचा माणूस उजवीकडच्या तिसऱ्या स्टुलाकडे निघाला होता. डंकनसाहेबांनी त्याला हाताला धरून बाजूला नेलं आणि हळूच सांगितलं, "इथं नको. इथं बसलंय कोणीतरी."