दात काढायला सक्त मनाई

नम्रपणा बाजूला ठेवून सांगतो, आमच्या हौशी नाटक मंडळात माझ्याइतका भयंकर नट दुसरा नाही. हा शब्द आमच्या दिग्दर्शकांचा. त्यांना नेमकं काय म्हणायचं होतं, ते मी खोलात जाऊन विचारलेलं नाही. तर ‘संगीत मानगूट’ या आमच्या नव्या विनोदी नाटकात रक्त पिणाऱ्या सरदाराची भूमिका चक्क मला मिळाली. आजवर रंगमंचावर मी बहुतेक वेळा प्रेतच होतो. यंदा प्रथमच मेल्यावर उठायचं होतं, शिवाय गायचंही होतं.

अडचण एकच होती. नायिकेच्या मानेशी तोंड नेलं की मला हसू फुटायचं. नायिका म्हणजे कोपऱ्यावरच्या ब्युटी पार्लरच्या बाई. त्या घाबरायच्या अशा, की जणू पार्लर बंद व्हायच्या वेळी मी दाढी करून मागतोय.

दिग्दर्शक शाळेत कवायत शिकवतात, त्यामुळे प्रेमप्रसंगसुद्धा शिट्टी वाजवून थांबवतात. “प्रयोगात दात काढलेस,” ते म्हणाले, “तर पुढच्या प्रयोगाला हा उभा राहील.” हा म्हणजे औषधांचा दुकानदार. त्याला माझं अख्खं काम पाठ होतं, आणि मी शिंकलो की तो प्रसन्न दिसायचा. मी मनातून हादरलो. पुन्हा प्रेत व्हायची माझी अजिबात तयारी नव्हती.

सुळे करून द्यायचं काम मी बायकोच्या धाकट्या भावाकडे दिलं होतं. तो दातांचा डॉक्टर आहे. प्रयोगाआधी त्याने रंगपटात ते माझ्या तोंडात बसवले, बराच वेळ दाबून धरले आणि हात पुसत म्हणाला, “झालं, भाऊजी. आता बैल जुंपले तरी निघायचे नाहीत.”

“निघायचे नाहीत वंजे?” मी विचारलं. सुळे खालच्या ओठावर टेकल्याने ओठ मिटत नव्हते, आणि ओठ मिटल्याशिवाय प, ब, म निघत नाहीत, हे ज्ञान मला तिथे झालं.

“सरांनीच फोन केला होता. म्हणाले, काय वाट्टेल ते कर, पण याला प्रयोगात दात काढता येता कामा नयेत. म्हणून पक्कं सिमेंट लावलंय. आता दवाखान्यात मशिननेच निघतील.”

“अरे गाढवा, नाटकात दात काढणं वंजे हसणं!”

“असं होय,” तो म्हणाला. शिकलेला माणूस, एकदा सांगितलेलं विसरत नाही. पहिल्या रांगेत आपल्या बहिणीशेजारी जाऊन बसला.

पडदा वर गेला. एका पेटीतून सूर आला, दुसऱ्या पेटीतून मी.

“वी तुझं रक्त विणार,” मी तान घेतली.

“स्वेटर का?” मागून कुणीतरी विचारलं. एवढा एक गृहस्थ सोडला तर प्रेक्षक शोकसभेला आल्यासारखे गप्प होते.

मी मात्र हसलो नाही. गंभीरपणे बाईंच्या मानेचा चावा घेतला आणि त्यांच्या गळ्यावरच्या झालरीची जाळी सुळ्यांत अडकली.

“बाजूला व्हा,” बाई कुजबुजल्या.

“होतोय,” म्हणत मी मागे सरकलो. बाई माझ्याबरोबर आल्या. पेटीवाल्यांना वाटलं, नाच वाढवलाय. त्यांनी लय चढवली. आम्ही तसेच गोल फिरू लागलो.

“सासूबाईंच्या साडीची झालर आहे. फाटली तर बघा,” बाई दातओठ खात म्हणाल्या. मला तीही सोय नव्हती.

शेवटी मी पहिल्या रांगेकडे हात जोडले. “डॉक्टर, दात काढ!”

मेहुण्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मघाची शिकवणी त्याला आठवली. घसा साफ करून तो हसायला लागला.

“अरे, काढ ना!”

तो आणखी मोठ्याने हसला. त्याला बघून माझी बायको हसली, बायकोला बघून तिच्या मागची रांग, आणि मग सगळं नाट्यगृह. बाई माझ्या तोंडाला लटकून हसत होत्या. मी कितीही झालं तरी माणूसच. मीही हसलो. विंगेत शिट्टी वाजली आणि पडदा पडला.

रंगपटात झालर कापून बाईंना सोडवण्यात आलं.

“दात काढलेस,” दिग्दर्शक म्हणाले. “पुढच्या प्रयोगाला हा उभा राहील.” औषधवाला माझा काळा झगा अंगाला लावून बघतच होता. मला खरोखर रडू यायला लागलं.

“पण सर,” मेहुणा म्हणाला, “लोक हसले ते या सुळ्यांमुळे.”

“मग ते याला लाव.”

“भाऊजींच्या मापाचे आहेत. दुसऱ्या तोंडात बसायचे नाहीत.”

दिग्दर्शक जवळ आले. वाकून त्यांनी बराच वेळ माझे सुळे न्याहाळले. माझ्याकडे काही पाहिलं नाही.

“बरं,” ते औषधवाल्याच्या हातून झगा काढून घेत म्हणाले, “मग दातांबरोबर यालाही घ्या.”

भूमिका राहिली. मी समाधानाने हसलो. म्हणजे हसलोच असणार. ओठ मिटतच नव्हते, त्यामुळे कुणाला फरक कळला नाही.