नकाशातला खिळा

"डिपोटीसाहेबांना हा नकाशा एकदा नुसता बघू दे! हातातली काठी गळून पडेल!" असं दयाराम मास्तर महिनाभर येईल-जाईल त्याला ऐकवत होते. काठी गळून पडली हे खरंच. पण कुणाच्या हातातली आणि कशानं, ते ऐका.

बोरदांडे म्हणजे अलिबागच्या खाली, खाडी आणि समुद्र यांच्या बेचक्यात बसलेलं गाव. एका अंगाला कोळ्यांची घरं, दुसऱ्या अंगाला माडांच्या वाड्या, मधे लोकल बोर्डाची शाळा. इयत्ता चार, खोली एक, मास्तर एक! होडी भरतीला यायची आणि भरतीलाच परत जायची. मधल्या वेळात गावात आलेला माणूस गावाचाच.

मास्तरांचा जीव मात्र अलिबागेत अडकलेला होता. त्यांची बायको कोकिळा तिथं माहेरी राहत होती. लग्नाला दोन वर्षं झाली, पण संसार सुट्टीपुरता! सासरे बाळाजीबुवा कडक माळकरी, लेकीच्या गळ्यातही माळ. "जावयानं तुळशीची माळ घातली तर मुलगी देईन," म्हणाले. दयारामांनी एकदा कोकिळेकडे बघितलं आणि मुकाट मान पुढं केली. लग्न झाल्यावर बुवांनी दुसरी मेख मारली. "माझी पोर मासळीच्या वासात नांदायची नाही. अलिबागला बदली करून घ्या आणि खुशाल न्या!"

आता बदली हवी तर शाळा तपासायला येणाऱ्या डिपोटींचा झकास शेरा हवा, आणि शेरा हवा तर काहीतरी नामी करून दाखवायला हवं! तिसरीच्या भूगोलात 'आपल्या गावाचा नकाशा' होता. बाकीचे मास्तर फळ्यावर चौकोन काढत, त्यात 'शाळा' लिहीत आणि तंबाखू मळत बसत. दयाराम मास्तरांनी चार मोठे कागद खळीनं जोडले, मचव्यावरचा जुना दोर मागून आणला, पावलापावलावर गाठी मारल्या आणि तिसरीची अकरा पोरं गावावर सोडली.

गाव हैराण झालं! दोराचं एक टोक गुणाजीचा मोरू धरायचा, दुसरं केसर. मधे म्हैस आली तर म्हशीखालून दोर! केसर तर लोकांच्या चुलीपर्यंत मोजत जायची. कुणी ओरडलं की कमरेवर हात ठेवून सांगायची, "गुरुजींनी सांगितलंय!"

आणि गुरुजींनी सांगितलं होतंच. खडू नाचवत म्हणाले होते, "पोरांनो, नकाशा म्हणजे गावाची साक्ष! जे आहे ते दाखवायचं. कुणाची भीड धरायची नाही. माझीसुद्धा नाही!"

हे शेवटचं वाक्य माणसानं पोरांसमोर कधी बोलू नये.

एवढं सांगून मास्तर स्वतः काय करत बसले, तर नकाशाची किनार! आठ दिवस नुसती वेल काढली. चार कोपऱ्यांत चार शंख, वर शिडाचं गलबत, उत्तर दिशेला मोराचं पीस. आतला नकाशा आणि बाजूची खुणांची यादी त्यांनी पोरांवर सोपवली. भिंतीवर लावला तेव्हा लांब उभे राहून म्हणाले, "वा! काय किनार साधली आहे!"

तपासणीच्या दिवशी सकाळी गुणाजी डोक्यावर खुर्ची घेऊन आला. गावात खुर्ची त्याच्याच घरी, आणि माडही सगळ्यांत जास्त त्याचेच. खुर्ची खाली ठेवून काठी टेकत तो नकाशापुढं उभा राहिला. गुणाजीला अक्षराची ओळख नव्हती, पण आपले माड त्यानं कागदावरही ओळखले.

"मास्तर, ही आमचीच वाडी का हो?"

"तुमचीच! पावलाचा फरक नाही!"

"आन् ही लाल टिंबं?"

"परवान्याचे माड. सरकारनं नंबर घातलेत ना, माडी काढायला? ते."

"आन् काळी?"

मास्तरांनी मोरूकडं बघितलं. खरं तर त्यांनाही ठाऊक नव्हतं. मोरू छाती काढून म्हणाला, "ज्यांना नंबर न्हाय पर मडकं हाय, ते! सत्तावीस हायत, बा. मी सोता मोजले!"

गुणाजीच्या हातातली काठी गळून पडली!

"अरं मेल्या! मास्तर, ह्यो नकाशा न्हाय, माज्या घराचा पंचनामा हाय! फाडा आधी!"

"फाडा? अहो, हा फाडला तर माझी अलिबागची बदली गेली! आणि डिपोटीसाहेबांना तुमच्या माडीशी काय करायचंय?"

"होडीत डिपोटी एकलाच न्हाय, मास्तर! आत्ता बंदरावर बगून आलो. संगती अबकारीसाहेब बी हाय!"

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. नकाशा फाडला तर कोकिळा दुरावते आणि ठेवला तर गुणाजी तुरुंगात जातो! शेवटी वाटीच्या तळाशी बोटभर खळ उरली होती, तिच्यावर कागदाची एक पट्टी चिकटवून मास्तरांनी यादीतली ती ओळ झाकली. वर लिहिलं, 'काळे ठिपके: भुताची झाडे.' मोरूला दटावलं, "विचारलं तर भुतं म्हणायचं! समजलं?"

"पर गुरुजी, जे हाय तेच..."

"भुतं!"

पट्टी दाबता दाबता मास्तरांची नजर यादीत खाली घसरली, आणि महिन्याभरात पहिल्यांदाच त्यांनी ती नीट वाचली. तेरा, विहीर. चौदा, चावडी. पंधरा... पंधरा वाचून त्यांना घेरीच यायची बाकी राहिली! केसरच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, 'चंद्राबाईच्या पडवीतला खिळा. इथे गुरुजी माळ टांगतात.' आणि शाळेच्या मागच्या दारापासून त्या खिळ्यापर्यंत ठिपक्याठिपक्यांची एक सुबक पायवाट!

आता लपवण्यात काय अर्थ? चंद्राबाई ही शाळेमागं राहणारी विधवा कोळीण. मास्तरांचं दोन वेळचं जेवण तिच्याकडं. पहिला महिना मास्तरांनी वरणभातावर काढला. दुसऱ्या महिन्यात कालवणाचा नुसता वास घेतला. तिसऱ्यात म्हणाले, "नुसता रस वाढा, चंद्राबाई, तुकडी नको." चौथ्या महिन्यात पडवीत खिळा ठोकला! जेवायला बसताना माळ खिळ्यावर, हात धुतल्यावर माळ गळ्यात. माळ गळ्यात नसताना खाल्लेले मासे माळकऱ्याच्या खाती जात नाहीत, असं त्यांनी स्वतःला पटवलं होतं. पोरांनी तेवढं दोरानं मोजलं, दुसरं काय?

खळ संपली होती आणि पायऱ्यांवर बूट वाजत होते. मास्तरांनी पंधरा नंबरवर अंगठा दाबला आणि भिंतीला चिकटून उभे राहिले.

डिपोटीसाहेब घाटावरचे, देहानं भारदस्त. अबकारीसाहेब काटकुळे, कमरेला पितळी बिल्ल्याचा पट्टा. ते दाराशी जांभया देत बसले. डिपोटींनी पाढे घेतले, वाचन घेतलं आणि मग नकाशापुढं येऊन म्हणाले, "छान! फारच छान! किनार जरा जास्त झाली आहे. मास्तर, अंगठा काढा."

"साहेब, नकाशा उडेल."

"वारा कुठं आहे?"

"समुद्रकाठ आहे, साहेब! कधी सुटेल सांगता येत नाही!"

डिपोटींनी भुवया उंचावल्या आणि छडी काळ्या ठिपक्यावर टेकवली. "हे काय रे?"

"भुताची झाडं," मोरू म्हणाला.

"असं? काय करतं भूत?"

मोरू थोडा घुटमळला. खोटं बोलायचं हे ठरलं होतं, पण किती बोलायचं ते ठरलं नव्हतं. "पहाटे माडावर चढतं," तो म्हणाला. "आन् मडकं घेऊन उतरतं."

अबकारीसाहेबांची जांभई अर्ध्यात मिटली. "मडकं? तू पाहिलंस ते भूत?"

"रोज बगतो!"

"भीती नाही वाटत?"

"वाटती की! पाढे चुकले की लय मारतंय ते!"

ओसरीवर गुणाजीनं खांबाला मिठी मारली. अबकारीसाहेब उठले, नकाशातले काळे ठिपके मोजले, पट्टा आवळला, टोपी चढवली. "सत्तावीस ठिपके! चला, जरा भुतं पकडू!"

आता कुठं मोरूच्या ध्यानात आलं. त्याचा चेहरा कसनुसा झाला. मास्तरांनी त्याच्याकडं बघितलं, ओसरीवरच्या गुणाजीकडं बघितलं. मागच्या पावसाळ्यात शाळेचं छप्पर उडालं तेव्हा ह्याच गुणाजीनं एका दिवसात झावळ्या घालून दिल्या होत्या, तेही न सांगता. मास्तर मनात म्हणाले, "कोकिळे, माफ कर," आणि अंगठा उचलला!

"साहेब! आधी पंधरा नंबर तपासा! तोच खरा महत्त्वाचा आहे!"

आणि केसरनं कुणी न सांगताच खणखणीत आवाजात वाचून दाखवलं, "चंद्राबाईच्या पडवीतला खिळा! इथे गुरुजी माळ टांगतात!"

डिपोटी वळले. "माळ टांगता? कशासाठी?"

"साहेब... मासे खाताना," मास्तर जमिनीकडं बघत म्हणाले. कान लाल झाले होते. आता शेरा गेला, बदली गेली, कोकिळा गेली!

डिपोटी छडी काखेत मारून मास्तरांजवळ सरकले. मग हळू आवाजात म्हणाले, "कोणते?"

"अं?"

"मासे कोणते?"

"आज... पापलेट, साहेब. आणि कोलंबीचं कालवण."

डिपोटींनी घसा साफ केला. "हं. ह्या नंबराची जागेवर जाऊन तपासणी करावी लागेल. अबकारीसाहेब, तुम्हीही चला. साक्षीदार लागतो."

"पण मी आधी माड..."

"माड काय पळून जातात?"

खरं आहे. माड पळत नाहीत. मडकी पळतात! इकडं दोन सरकारी पाहुणे पायवाटेनं निघाले, पुढं दोर धरून केसर पावलं मोजतेय, आणि तिकडं गुणाजी वाऱ्यासारखा वाडीत घुसला. चंद्राबाईनं पहिल्यांदा कपाळावर हात मारला, मग पदर खोचला. "बसा, सायबानू! भात कमी पडंल, पर मासली न्हाय कमी पडायची!" डिपोटींनी सहा तुकड्या खाल्ल्या. अबकारीसाहेब पहिल्या घासाला म्हणत होते, "लवकर आटपा." तिसऱ्या घासाला त्यांनी पट्टा सोडला आणि बिल्ल्यासकट खिळ्यावर अडकवला, मास्तरांच्या माळेशेजारी! वर दोन वाट्या सोलकढी झाली आणि पडवीतच तासभर डोळा लागला.

उन्हं कलल्यावर ते वाडीत गेले, तेव्हा सत्तावीसच्या सत्तावीस माड कसे धुतल्यासारखे स्वच्छ! अबकारीसाहेब वैतागून म्हणाले, "पोरांनी नकाशा चुकवलाय!"

"चुकला न्हाय! मी सोता..." मोरू उसळला. गुणाजीनं पुढचं त्याच्या तोंडावर हात ठेवून गिळायला लावलं.

संध्याकाळची होडी निघाली आणि मास्तरांनी शेरेबुक उघडलं. लिहिलं होतं:

'तिसरीचा नकाशा उत्कृष्ट. पंधरा नंबर स्वतः चालून तपासला. अंतर, दिशा व खिळा बरोबर. काळे ठिपके साफ चूक, म्हणून तीन मार्क कमी. भुतांविषयी मुलांची समजूत काढावी. मास्तर मनापासून शिकवतात. असा माणूस या गावास पुन्हा मिळणार नाही, सबब यांची बदली करू नये. नकाशा अलिबागेच्या प्रदर्शनात लावण्यासाठी नेत आहे.'

मास्तर पायरीवर बसले ते बसलेच! शेरा असा झकास मिळाला की बदलीच बुडाली. आणि नकाशा कुठं लागणार, तर अलिबागेत! बाळाजीबुवा प्रदर्शन कधी चुकवत नसत.

दुसऱ्या दिवशी पोरं शाळेसाठी नवी प्रत काढायला बसली. पंधरा नंबरची ठिपक्यांची वाट आता दोन ठसठशीत रेघांची झाली होती.

"मोरू, ही तर सरकारी सडकेची खूण!"

"मग? काल सरकार गेलं न्हाय का तिच्यावरनं?"

मास्तरांना हसायचंही त्राण नव्हतं. आठ दिवस त्यांनी माशाला हात लावला नाही. चंद्राबाई म्हणाली, "मास्तर, खिल्याला गंज चढंल." नवव्या दिवशी होडीवाल्यानं पत्र आणून दिलं. अक्षर कोकिळेचं! मास्तरांनी ते एक डोळा मिटून उघडलं.

'सप्रेम नमस्कार. बाबा आणि मी प्रदर्शन पाहून आलो. बाबांनी चष्मा लावून पंधरा नंबर दोनदा वाचला. चंद्राबाई हे तिकडचं जागृत देवस्थान असून जावई तिथे रोज माळ वाहतात, असा त्यांचा समज झाला आहे. दिसेल त्याला हाताला धरून नकाशा दाखवत होते. अशा देवाच्या गावी मुलगी नांदायला काही हरकत नाही, म्हणतात.

'बाबांना नकाशा कळला नाही. मला कळला.

'मंगळवारच्या होडीनं येते. दुसरा खिळा ठोकून ठेवा.'

मास्तरांनी पत्र तीनदा वाचलं. डोळे पुसले, हातोडी घेतली आणि मागच्या दारानं सरकारी सडकेला लागले. पडवीत जाऊन बघतात तर मोरू आणि केसर आधीच दोर घेऊन हजर! पत्र होडीवाल्याच्या हातून मास्तरांच्या हातात पडेपर्यंत वाटेत कुणी वाचलं होतं, ते विचारू नका.

"गुरुजी," केसर पेन्सिल सरसावत म्हणाली, "जे हाय तेच दाखवायचं ना? मग सोळा नंबर लिवू?"

मास्तरांनी खिळ्यावर हातोडी हाणली.

"लिही! पण आता हा नकाशा अलिबागला पाठवला, तर बघा!"