मिशीचं डिपॉझिट

परदेशात लोकशाहीवर व्याख्यानं द्यायला निघालेल्या प्राध्यापकांना एकच घोर होता, ब्लॉगचा. आठवडाभर तो ओस पडला तर वाचक पांगणार. बायकोने लिहायला साफ नकार दिला. उरल्या सासूबाई.

“आई, लोकशाहीवर रोज चार ओळी लिहायच्या. जमेल?”

“न जमायला काय झालं? लोकांना विचारायचं आणि लोक म्हणतील तसं करायचं, हेच ना?”

इतकी सुटसुटीत व्याख्या प्राध्यापकांनाही कधी सुचली नव्हती. ते निर्धास्त विमानात बसले.

सासूबाईंनी ब्लॉगवर आधी बैठकीच्या पडद्यांसाठी मतदान घेतलं. लोक ‘बदला’ म्हणाले, पडदे बदलले. मग प्राध्यापकांची कुरकुरणारी आरामखुर्ची मतदानाला उभी राहिली आणि पडून भंगारात गेली. लोकांना चटकच लागली. विषय संपले, तेव्हा सासूबाईंची नजर भिंतीवरच्या फोटोकडे वळली. ‘जावईबापूंनी मिशी ठेवावी की काढावी?’

प्राध्यापकांनी तिकडून तातडीने फोन केला. “आई, मिशी माझी आहे!”

“तुमचीच आहे हो. पण जनतेपुढे कुणी मोठा नाही, असं तुम्हीच लिहिलंय ना?”

“ते सरकारबद्दल होतं! बंद करा ते मतदान.”

“चालू मतदान बंद करू? लोक म्हणतील, हुकूमशहा जावई पदरात पडला.”

निकाल लागला. मिशीचं डिपॉझिट जप्त झालं. परक्या मुलखात मराठी कोण वाचतंय, अशी स्वतःची समजूत घालून प्राध्यापक व्याख्यानाला उभे राहिले. विषय होता, पराभव कसा स्वीकारावा.

“कौल विरुद्ध गेला तरी जो हसत मान तुकवतो,” ते गरजले, “तोच खरा लोकशाहीवादी!”

टाळ्या थांबल्यावर पुढच्या रांगेतली एक विद्यार्थिनी उठली. “सर, तुमचा ब्लॉग आम्ही भाषांतर करून वाचतो. मिशी कधी काढताय?”

सभागृहात हास्याचा स्फोट झाला. कॉलेजपासून जोपासलेल्या मिशीवरून प्राध्यापकांनी एकदा बोट फिरवलं आणि पडेल आवाजात म्हणाले, “आजच.”

घरी परतल्यावर दार बायकोने उघडलं. ती बघतच राहिली. “अहो, काय तरुण दिसताय!”

सासूबाई मात्र तोंड पाडून बाहेर आल्या. “जावईबापू, घात झाला. मतं पुन्हा तपासली. खरी मतं मिशीच्याच बाजूने होती. बाकी सगळं बोगस.”

“कुणी केलं हे?”

सासूबाईंनी लेकीकडे पाहिलं.

“मी,” बायको म्हणाली. “ऑफिसातल्या एकूणएक कॉम्प्युटरवरून. लग्न झाल्यापासून तोंडाने सांगून थकले. म्हटलं, आता लोकशाही मार्गाने जावं.”

“ही लोकशाही? आई, माझी तक्रार नोंदवून घ्या! फेरमतदान झालंच पाहिजे!”

सासूबाईंनी लगेच फेरमतदान पुकारलं. या खेपेला लोक मिशीच्या बाजूने तुटून पडले. प्राध्यापक फोन घेऊन कोपऱ्यात बसले, आपलं पवित्र मत द्यायला. तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. कप ठेवता ठेवता तिने त्यांच्याकडे चोरून पाहिलं आणि लाजून हसत आत पळाली. असं ती कधी हसली होती, ते प्राध्यापकांना आठवेचना.

त्यांनी मुकाट्याने ‘काढावी’वर बोट टेकवलं. मग इकडेतिकडे पाहत टेबलावरचा सासूबाईंचा फोन उचलला आणि त्यावरूनही एक मत दिलं.